जुन्या धाटणीचा माइक प्रीअँप घरी बांधताना ऑडिओ ट्रान्सफॉर्मर कुठून आणायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माइक प्रीअँप, म्हणजे माइकचा अगदी लहान सिग्नल वाढवणारं सर्किट, घरी बांधण्याचा नाद असलेले आम्ही बडोद्यात थोडेच आहोत. कुणी दांडिया बाजारातल्या जुन्या घरात स्वतःचा रियाज रेकॉर्ड करतो, कुणाला भजनी मंडळाच्या कार्यक्रमासाठी चांगला आवाज हवा असतो, कुणाला नुसता सोल्डरिंगचा छंद आहे. येणारे प्रश्न मात्र तेच ते असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतोय. आग्रह एकाच गोष्टीचा आहे: आधी ट्रान्सफॉर्मर हातात येऊ द्या, सर्किट त्यानंतर ठरवा. ट्रान्सफॉर्मर जसा मिळेल तसं सर्किट बदलता येतं. सर्किटला साजेसा ट्रान्सफॉर्मर मिळेलच असं नाही.

१. आयसी टाकून प्रीअँप होतो की. मग ट्रान्सफॉर्मर हवाच कशाला?

हवाच असं नाही. दॅट १५१० किंवा एसएसएम २०१९ सारख्या आयसीने कमी खर्चात अगदी शांत प्रीअँप होतो. पहिल्यांदाच बांधत असाल तर मी तोच सुचवीन.

ट्रान्सफॉर्मर तीन कामं करतो. एक, माइकचा मिलिव्होल्टमधला सिग्नल वीज न खाता वाढवतो. १:१० चा (पलीकडे दहापट टर्न्स, म्हणजे वेढे) असेल तर २० डेसिबल वाढ मिळते आणि ती जवळजवळ खरखरीविना. दोन, केबलच्या दोन्ही तारांवर सारखाच आलेला कचरा तिथेच कापला जातो आणि माइकची बाजू सर्किटपासून विजेने वेगळी राहते. तीन, खालच्या पट्टीत जोर वाढला की ट्रान्सफॉर्मरचा पत्र्यांचा गाभा चुंबकत्वाने हळूहळू भरत जातो आणि आवाजाला गोलाई येते. १९५०-७० च्या काळातले प्रीअँप याच भागाभोवती रचलेले होते. तो काढून उरलेल्या सर्किटची नक्कल केली तर हाती वेगळंच काहीतरी येतं.

२. एका चॅनेलला किती ट्रान्सफॉर्मर लागतात?

दोन: एक माइकच्या तोंडाशी, एक आउटपुटला. शिवाय पॉवर सप्लायचा. पॉवरचा आपल्या बाजारात सहज मिळतो. आउटपुटचा बडोद्यात बनवून घेता येतो (प्रश्न ६). पैसा आणि जिवाचा आटापिटा इनपुटवाल्यासाठी राखून ठेवा, कारण तिथे झालेली चूक पुढचे सगळे टप्पे मोठी करून ऐकवतात.

३. १:४, १:५, १:१० यांतला कोणता घ्यायचा? जास्त वाढ म्हणजे जास्त चांगला ना?

नाही. व्होल्टेज गुणोत्तराने वाढतं, पण इम्पिडन्स (एसी सिग्नलला होणारा विरोध, ओहममध्ये) त्याच्या वर्गाने वाढतो. १५० ओहमचा माइक १:१० मधून गेला की पुढच्या टप्प्याला १५,००० ओहमचा दिसतो. १:५ मधून ३,७५० ओहमचा. म्हणून पुढे काय बसवणार यावर गुणोत्तर ठरतं.

पुढे व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओतली काचेची नळी) असेल, म्हणजे ईसीसी ८३ किंवा ईएफ ८६, तर १:१० घ्या. व्हॉल्व्हची स्वतःची खरखर जास्त असते, ती वर येण्याआधी सिग्नल मोठा झालेला बरा. एनई ५५३४ सारखा ऑपअँप (सिग्नल वाढवणारी आयसी) साधारण पाच ते दहा हजार ओहमच्या स्रोतावर सर्वांत शांत चालतो, त्याला १:५ छान जमतो. एनई ५५३४ आपल्या दुकानांत मिळतोही, त्यामुळे मध्यम मार्ग म्हणून ही जोडी मला फार आवडते. नीव्ह १०७३ या जुन्या इंग्लिश प्रीअँपच्या धाटणीच्या ट्रान्झिस्टर सर्किटमध्ये गुणोत्तर त्याहून कमी असतं. तिथे प्रायमरीचे (माइककडच्या वाइंडिंगचे) दोन भाग सिरीजमध्ये जोडले की १२०० ओहम आणि १:२, समांतर जोडले की ३०० ओहम आणि १:४.

सेकंडरीवर (सर्किटकडच्या वाइंडिंगवर) लावलेला रेझिस्टर उलट वाटेने माइकला दिसतो, हेही विसरू नका. १:१० च्या सेकंडरीवर दीड लाख ओहम लावले की माइकला दीड हजार दिसतात, आणि १५० ओहमच्या माइकला तेवढेच हवे असतात. तिथे १० हजाराचा पॉट (नॉबमागचा बदलता रेझिस्टर) लावला तर माइकला १०० ओहम दिसतात आणि त्याचा जीव गुदमरतो. मला आलेले बंद पडलेले प्रीअँप यातूनच कितीदा बिघडलेले निघाले आहेत.

४. कंपन्यांची नावं ऐकून डोकं फिरतं. कुठली यादी डोळ्यांसमोर ठेवू?

अमेरिकेतली जेन्सन, १९७४ पासूनची. त्यांचा जेटी-११५के-ई हा १:१० चा आणि जेटी-१३के७-ए हा १:५ चा. दोन्हींचे मोजमापाचे कागद इतके सविस्तर असतात की नुसते वाचूनही शिकायला मिळतं. स्वीडनमध्ये नॉर्टेल्ये इथली लुंडाल १९५८ ची. तिचा एलएल १५३८ हा १:५ चा आहे. कॅलिफोर्नियातली सिनेमॅग आणि इंग्लंडमधली सोटर यांच्याकडे जुन्या सर्किटांना साजेसे बरेच नमुने आहेत.

नीव्ह धाटणी हवी असेल तर इंग्लंडमधल्या सेंट आइव्ह्जची कार्नहिल पाहा: माइकसाठी व्हीटीबी ९०४५, लाइन इनपुटसाठी ९०४६, आउटपुटसाठी गॅपवाला (गाभ्यात फट ठेवलेला, प्रश्न ७) ९०४९. जुन्या नीव्हमधले मूळ मॅरिनएअर कंपनीचे १०४६८ आणि एलओ ११६६ विकत असल्याचं कुणी सांगितलं तर हात आखडता घ्या. त्यांना फार भाव आहे, आणि नुसतं लेबल चिकटवायला काही लागत नाही.

लहान आणि स्वस्तात न्यूट्रिकचा एनटीई १०/३ येतो. खालच्या पट्टीत मोठा आवाज त्याला झेपत नाही, पण बोलण्यासाठी, निवेदनासाठी आणि शिकण्यासाठी उत्तम.

५. परदेशातून मागवताना कस्टममध्ये काय होतं? ‘भेट’ असं लिहायला सांगू का?

नका सांगू. डिसेंबर २०१९ पासून पोस्टाने किंवा कुरियरने भेट म्हणून शुल्काविना वस्तू आणायला बंदी आहे. सूट आहे ती फक्त जीवरक्षक औषधांना आणि राखीला. भेट लिहिलं की पार्सल अडकलंच समजा. किंमत कमी लावायला सांगणंही तसंच, वर पार्सल हरवलं तर विमाही त्या खोट्या किमतीचाच मिळतो.

स्वतःच्या वापरासाठी मागवताना आयात-निर्यात कोड लागत नाही. कुरियर कंपनी केवायसीची कागदपत्रं मागते, ती आधीच देऊन ठेवा. वस्तू, भाडं आणि विमा यांच्या बेरजेवर सीमा शुल्क लागतं, त्यावर अधिभार, आणि मग या सगळ्यावर १८ टक्के आयजीएसटी. म्हणून एकेक मागवू नका. तिघाचौघांनी मिळून एकच ऑर्डर दिली की भाडं वाटलं जातं. आमच्यात आता हीच पद्धत आहे. न्यूट्रिकसारखा माल ज्यांच्याकडे असतो असे काही मोठे घाऊक विक्रेते रुपयांत बिल करतात आणि कस्टमचं तेच बघतात. पहिल्या खेपेला तो मार्ग सोपा.

६. बडोदा तर ट्रान्सफॉर्मरचं गाव! मकरपुऱ्यात एवढे कारखाने आहेत, इथेच वळवून नाही का मिळणार?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि मलाही त्याचा फार ओढा होता. मकरपुरा जीआयडीसीत ‘एर्डा’ ही विजेच्या उपकरणांची चाचणी करणारी मोठी संस्था आहे, आजूबाजूला ट्रान्सफॉर्मरचे कारखाने. पण ते काम सबस्टेशनचं, केव्हीए आणि एमव्हीए मधलं. आपल्याला उपयोगी पडतो तो स्टॅबिलायझर आणि चार्जरचे ट्रान्सफॉर्मर वळणारा लहान कारागीर. त्याचा पहिला प्रश्न असतो, “केटला वोल्ट, केटला एम्पियर?” आपल्याकडे दोन्हीचं उत्तर नसतं. म्हणून त्याच्या भाषेत बोलायचं: मधला खांब किती मिलिमीटर, थर किती, टर्न्स किती, तार किती गेजची, थरांचा क्रम काय, आणि पत्रे कसे भरायचे.

आउटपुटचा १:१ ट्रान्सफॉर्मर याच रीतीने मी करून घेतो. मधला खांब १९ मिलिमीटर, पत्र्यांचा थरही तेवढाच, पत्रा सीआरजीओ (ट्रान्सफॉर्मरचं सिलिकॉन पोलाद). दोन्ही वाइंडिंग ८०० टर्न्सची, ३६ गेजच्या एनॅमल तारेची. प्रायमरी एकदम गुंडाळायची नाही. आधी निम्मी, मग त्यावर पूर्ण सेकंडरी, मग उरलेली निम्मी, मधे मायलरचा कागद. असं सँडविच केलं की वरच्या पट्टीतला सिग्नल गळत नाही. बॉबिन भरली की प्रत्येक बाजूचा रेझिस्टन्स ५० ओहमच्या आसपास येतो. संपृक्ततेचा, म्हणजे गाभा भरण्याचा, हिशोब केला तर याहून बऱ्याच कमी टर्न्स पुरतात, पण मग इंडक्टन्स (खालच्या सुरांना वाइंडिंगचा विरोध यावर ठरतो) उरत नाही आणि आधीच्या टप्प्याला खालच्या पट्टीत नाहक भार ओढावा लागतो.

पहिली जोडी घरी आणली तेव्हा तंबोऱ्याचा खर्ज निम्मा गायब. टर्न्स बरोबर, तार बरोबर. दोन रात्री सर्किटमध्येच चूक शोधत बसलो. शेवटी वार्निश खरवडून पत्रे उघडले. कारागिराने सगळे ‘ई’ आकाराचे पत्रे एका बाजूने आणि सगळे ‘आय’ आकाराचे दुसऱ्या बाजूने लावून मधे कागद ठेवला होता, चोकला (डीसी वाहणाऱ्या कॉइलला) ठेवतात तसा. त्याची काही चूक नव्हती, पत्र्यांबद्दल मी बोललोच नव्हतो. सगळे पत्रे काढले, एक इकडून एक तिकडून असे पुन्हा भरले, शेवटचे दोन लाकडी हातोडीने अलगद ठोकून बसवले. त्याच संध्याकाळी खर्ज परत आला. तेव्हापासून कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून देतो: पत्रे आलटून पालटून, एकेक, गॅप नको.

इनपुटच्या ट्रान्सफॉर्मरसाठी मात्र इथे कुणाला गळ घालू नका. त्याला निकेलचं प्रमाण सुमारे ८० टक्के असलेला म्युमेटलचा पत्रा, ४४-४६ गेजची केसाहून बारीक तार, दोन वाइंडिंगमध्ये तांब्याच्या पातळ पत्र्याचा पडदा आणि वरून म्युमेटलचा डबा लागतो. सीआरजीओ पत्रा मिलिव्होल्टच्या सिग्नलला नीट जागाच होत नाही, आणि नेमका तोच सिग्नल आपल्याला हवा असतो. इनपुटवाला बाहेरूनच आणा (प्रश्न ४ आणि ५).

७. मग गॅप लागतो तरी कुठे?

आउटपुटच्या ट्रान्सफॉर्मरमधून डीसी करंट सतत वाहत असेल तिथे. नीव्ह १०७३ मधला शेवटचा २एन३०५५ ट्रान्झिस्टर एकटाच क्लास ए मध्ये, म्हणजे सतत करंट ओढत, चालतो आणि त्याचा करंट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीतूनच जातो. गॅप नसेल तर गाभा त्या करंटनेच भरून जातो, आवाजाला जागा उरत नाही. ऑपअँपनंतर किंवा मधे कपॅसिटर असलेल्या सर्किटमध्ये डीसी येत नाही, तिथे गॅप नको. प्रश्न ६ मधला ट्रान्सफॉर्मर बिनगॅपचा आहे. तो १०७३ च्या नकलेत बसवू नका.

८. भंगारात किंवा रविवारच्या बाजारात काही हाती लागेल का?

अहमदाबादच्या रविवारी भरणाऱ्या गुजरी बाजारात मी कितीदा तरी फिरलो आहे. चांगला पॉवर ट्रान्सफॉर्मर, जुनी कॅबिनेट, नॉब, मीटर यांसाठी जा. माइक ट्रान्सफॉर्मर मिळेल या आशेने जाऊ नका.

तरीही तीन वस्तूंबद्दल पुन्हापुन्हा विचारणा होते. पहिली, सभामंडपातल्या स्पीकरचा १०० व्होल्ट लाइन ट्रान्सफॉर्मर. १० वॉटच्या टॅपवर तो १००० ओहमचा दिसतो, दुसरीकडे ८ ओहम, म्हणजे गुणोत्तर ११ च्या आसपास येतं. इथेच मोह होतो. पण ती ८ ओहमची बाजू १५० ओहमच्या माइकला जोडली की इंडक्टन्स फार कमी पडतो आणि खालचा सगळा आवाज वाहून जातो. वर डबा नसल्यामुळे घरातल्या वायरिंगची घूं तेवढी आत येते. दुसरी, जुन्या व्हॉल्व्ह रेडिओचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर. तो हजारो ओहमवरून स्पीकरच्या तीनचार ओहमवर उतरतो, त्यात गॅपही असतो. रेडिओच दुरुस्त करायला ठेवा. तिसरी, मोडेममधला ६०० ओहमचा १:१. टेलिफोनचा आवाज ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच, त्याच हिशोबाने तो बनवलेला असतो. निवेदनाला ‘फोनवरचा आवाज’ मुद्दाम हवा असेल तर मात्र गंमत येते.

९. लेबल नसलेला ट्रान्सफॉर्मर मिळालाय. कसा तपासू?

फोनवर टोन जनरेटर लावा, ४०० हर्ट्झचा साधा सूर. साधा मल्टिमीटर एसी मोजताना वरच्या पट्टीत चुकतो, म्हणून ४००. जास्त टर्न्सच्या बाजूला तो सूर द्या, दोन्हीकडचं व्होल्टेज मोजा, भागाकार म्हणजे गुणोत्तर. मग सूर ५० वर आणा. फोनकडचं व्होल्टेज बरंच खाली बसलं तर इंडक्टन्स कमी आहे. शेवटी कुणाकडे ऑसिलोस्कोप असेल तर चौकोनी लहर देऊन कडा पाहा (प्रश्न १३).

१०. मी आधीच मल्टिमीटरच्या ओहमवर ठेवून पाहिला. बिघडला का?

आउटपुटचा असेल तर काही होत नाही. म्युमेटलचा असेल तर मीटरच्या त्या इवल्याशा डीसीनेही गाभा थोडा चुंबकित राहू शकतो आणि खालच्या पट्टीत विकृती वाढते. घाबरू नका, उतरवता येतं. हेडफोन अँपमधून ३० हर्ट्झचा मोठा सूर सेकंडरीला द्या आणि दहाबारा सेकंदांत व्हॉल्यूम हळूहळू शून्यावर आणा. मधेच तार काढू नका, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून.

टेबलावरून फरशीवर पडला असेल तर मात्र कठीण आहे. म्युमेटल तापवून, निववून त्या गुणाला आणलेलं असतं. धक्क्याने किंवा वाकण्याने तो गुण उतरतो आणि घरी परत आणता येत नाही. वरून ओरखडाही दिसत नाही. म्हणून पार्सल उघडतो तेव्हा मी जमिनीवर चटई टाकून बसतो.

११. सगळं बरोबर जोडलंय, तरी ५० हर्ट्झची घूं येते.

इनपुटच्या ट्रान्सफॉर्मरला पॉवर ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र दिसतंय. सर्वांत चांगलं म्हणजे पॉवर सप्लाय वेगळ्या डब्यात ठेवून केबलने आणणं. ते नको असेल तर टोरॉइडल (कड्याच्या आकाराचा) पॉवर ट्रान्सफॉर्मर वापरा आणि दोघांना कॅबिनेटच्या दोन टोकांना ठेवा.

भोकं पाडण्याआधी हे एकदा नक्की करा: प्रीअँप चालू करा, हेडफोन लावा, इनपुटचा ट्रान्सफॉर्मर लांब तारांवर बोटात धरून हळूहळू फिरवा. एका कोनात घूं जवळजवळ विझते, थोडं पुढे गेलं की परत चढते. तो कोन पेन्सिलने आखा आणि तसाच बसवा. डबा आणि आतला तांब्याचा पडदा या दोन्हींच्या तारा चासीला जोडलेल्या हव्यात. फिरवूनही फरक पडत नसेल तर दोष चुंबकाचा नाही, अर्थिंगचा आहे.

१२. फँटम ४८ व्होल्ट (कंडेन्सर माइकला केबलमधूनच जाणारी वीज) दिलं तर ट्रान्सफॉर्मर जळेल का?

नाही. ६.८ किलोओहमच्या दोन रेझिस्टरांतून माइकच्या एक्सएलआर प्लगच्या पिन २ आणि ३ ला सारखंच व्होल्टेज जातं, म्हणून वाइंडिंगच्या दोन टोकांमध्ये फरक उरत नाही आणि डीसी वाहत नाही. अट एकच, ते दोन रेझिस्टर खरोखर सारखे हवेत, एकमेकांपासून ०.४ टक्क्याच्या आत, म्हणजे साधारण २७ ओहम. १ टक्केवाले पंधरावीस घ्या आणि मल्टिमीटरने जोडी निवडा. केबलची एखादी तार तुटली किंवा चिकटली तर मात्र सगळा करंट एकाच बाजूने जातो आणि गाभा चुंबकित होतो; तेव्हा प्रश्न १० मधला उपाय करा.

१३. आवाज टोचरा येतो, ‘स’ फार वाजतो.

१:१० च्या सेकंडरीला मोकळं सोडलं की ती वरच्या पट्टीत घंटेसारखी थरथरते. सेकंडरीवर एक रेझिस्टर आणि एक छोटा कपॅसिटर सिरीजमध्ये लावा. कंपनीने आकडे दिले असतील तर तेच घ्या. नसतील तर दोन किलोहर्ट्झची चौकोनी लहर द्या आणि कोपऱ्यावरच्या लाटा विरेपर्यंत किंमती बदला. कोपरा गोल व्हायला लागला की थांबा. ही तपासणी माइकऐवजी १५० ओहमच्या रेझिस्टरमधून सिग्नल देऊनच करायची, नाहीतर उत्तर चुकीचं येतं.

१४. गाण्याला झकास वाजतो, पण तबल्याला फाटतो. असं का?

त्यात दोष माइकचा किंवा तबलजीचा नाही. डायनॅमिक माइक एका पास्कलला (आवाजाच्या दाबाचं माप) दोनेक मिलिव्होल्ट देतो, कंडेन्सर सहज वीस. डग्ग्याच्या तोंडाशी १० पास्कल म्हणजे ११४ डेसिबल आले की कंडेन्सरचे २०० मिलिव्होल्ट होतात, आणि १:१० नंतर थेट २ व्होल्ट. शिवाय गाभ्याला भरणारी गोष्ट म्हणजे व्होल्टेज भागिले वारंवारता. तेवढ्याच जोराचा घुमारा १०० वरून ५० हर्ट्झवर घसरला की गाभ्यावरचा भार दुप्पट. गेन कमी करून उपयोग नाही, कारण गेन ट्रान्सफॉर्मरच्या नंतर आहे. २० डेसिबलचा पॅड (सिग्नल कमी करणारे रेझिस्टर) ट्रान्सफॉर्मरच्या आधी लावा आणि तो स्विचवर ठेवा.

रिबन माइकचं याच्या उलट आहे. त्याचा सिग्नल इतका लहान असतो की १:१० तिथेच खरा शोभतो. रिबनसाठी पॅडचा स्विच बंद आणि फँटमही बंद.

१५. पैसे एकाच परदेशी ट्रान्सफॉर्मरचे आहेत. इनपुट घेऊ की आउटपुट?

इनपुट. आउटपुटला सध्या कपॅसिटर आणि ४७ ओहमचा रेझिस्टर लावून काम चालवा. चासीवर प्रश्न ६ मधल्या ट्रान्सफॉर्मरपुरती जागा आणि चार भोकं ठेवा. कारागिराकडून आला की दोन तारा हलवायच्या, एवढंच काम उरतं.